पुराआधीची पिशवी

‘डॉक्टर, पूर आल्यावर काय करायचे ते सगळे सांगतात, आधी घरात काय करून ठेवायचे ते कोणी सांगत नाही,’ अशी तक्रार एका वाचक भगिनींनी परवा दवाखान्यात केली. तक्रार रास्त आहे. पण उत्तर देण्यापूर्वी माझ्याच घरची फजिती सांगितली पाहिजे.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी चढत होते. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही पाठ असते. आमच्या गल्लीत मात्र सगळ्यांची भिस्त २००५ सालच्या खुणेवर होती. ‘त्या वर्षी तिसऱ्या पायरीला लागले होते, त्याच्या वर काही येत नाही,’ असे शेजारी म्हणत आणि मीही मान डोलवी. नदीने ती खूण मानली नाही. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पहाटे गुडघाभर पाण्यातून आम्ही बाहेर पडलो, तेव्हा हातात घराची कागदपत्रे होती, दागिन्यांचा डबा होता, मुलीची दहावीची पुस्तके होती. शाळेतल्या छावणीत टेकल्यावर सौभाग्यवतींनी विचारले, ‘अहो, आईंचं इंजेक्शन कुठाय?’

ते फ्रिजच्या दारात होते आणि फ्रिज पाण्यात.

माझी आई तेव्हा शहात्तर वर्षांची, पंधरा वर्षांपासून मधुमेही, इन्सुलिनवर. दोन दिवस तिला इन्सुलिन मिळाले नाही. साखर चारशेच्या वर गेली. शिवाय अनवाणी चालताना तिच्या टाचेला पत्रा लागला होता. पायाची संवेदना कमी झालेली, त्यामुळे तिला ते कळलेही नाही. होडीतून आलेल्या वैद्यकीय पथकाने इन्सुलिन दिले म्हणून निभावले. टाच भरायला मात्र दोन महिने लागले. दिवसभर लोकांना औषधे लिहून देणाऱ्याच्या घरी हा प्रकार! तेव्हापासून मे महिना संपला की आमच्या घरात एक पिशवी भरून दारामागच्या खुंटीला लागते. तिच्यात काय असते, तेच आज सांगतो.

औषधे

घरात ज्याला रोज गोळ्या लागतात, त्याच्या किमान दोन आठवड्यांच्या गोळ्या वेगळ्या ठेवाव्यात. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, फिट्स, दमा, थायरॉईड, क्षय यांची औषधे मध्येच बंद करून चालत नाहीत. फिट्सची गोळी दोन दिवस चुकली तरी झटका येऊ शकतो. गोळ्या पाकिटातच ठेवा, सुट्या करू नका. दर महिन्याला जुन्या वापरायला काढा आणि नव्या आत घाला, म्हणजे मुदत संपत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. मोबाईलमध्ये फोटो असला तरी कागद हवाच. मोबाईलची बॅटरी संपते.

इन्सुलिनविषयी अनेकांचा गैरसमज आहे. फ्रिज बंद पडला म्हणजे ते लगेच वाया गेले, असे नाही. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या आतील तापमानात सुमारे चार आठवडे टिकतात. नेमके किती दिवस ते खोक्यावर दिलेले असते. छोट्या मडक्यात कुपी ठेवून भोवती ओले फडके गुंडाळले आणि मडके सावलीत ठेवले तरी काम भागते. बर्फाला मात्र थेट चिकटवू नका. एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

पाणी आणि अन्न

पुरात चोहीकडे पाणी असते आणि प्यायला थेंब नसतो. पिण्यासाठी व रांधण्यासाठी माणशी दिवसाला तीन ते चार लिटर, असे तीन दिवसांचे पाणी झाकणाच्या कॅनमध्ये माडीवर ठेवावे. त्यानंतर जे मिळेल ते गढूळ असल्यास निवळू द्यावे, चौपदरी फडक्याने गाळावे आणि खळखळून उकळावे. इंधन नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे.

जलसंजीवनीची आठ-दहा पाकिटे पिशवीत हवीतच. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मीठ जास्त पडले तर लहान मुलाला अपाय होतो, म्हणून चमचा सपाटच भरा. हे पाणी चोवीस तासांत संपवावे.

खायला फुटाणे, शेंगदाणे, गूळ, चुरमुरे. चूल न पेटवता पोटाला आधार देणारे आपले हे जुने पदार्थ बिस्किटांपेक्षा सरस आहेत. तान्ह्या बाळाला मात्र आईचे दूधच द्यावे. छावणीत दुधाची पावडर मिळाली म्हणून अंगावरचे दूध तोडू नये.

निघताना

घरात पाणी शिरण्याआधी विजेचा मेन स्विच बंद करा. ओल्या हाताने किंवा पाण्यात उभे राहून नव्हे. गॅसचा रेग्युलेटर बंद करा. पायात बूट किंवा पट्ट्याच्या चपला घाला आणि हातात काठी घ्या. वाहते पाणी गुडघ्याच्या खाली असले तरी माणसाला पाडते. घरात दिवस भरत आलेली गर्भवती, डायलिसिसचा रुग्ण किंवा अंथरुणाला खिळलेले कोणी असेल, तर इशारा पातळीची वाट न पाहता त्यांना उंचावरच्या नातेवाइकांकडे आधीच पोचवा. ११२ आणि १०८ हे क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा.

पुराबरोबर साप घरात येतात. साप चावल्यास आवळून दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका. तो अवयव फळीला बांधून स्थिर ठेवा आणि रुग्णाला चालायला न लावता रुग्णालयात न्या.

पाणी ओसरल्यावर

भिजलेले धान्य आणि पुरात बुडालेली औषधे टाकून द्या, हळहळू नका. चिखल उपसताना पायात गमबूट हवेत. जखम झाली असेल तर साबणाने धुवा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. चिखलानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत वेदना आणि डोळे लाल दिसले, तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात पसरणारा हा आजार लवकर ओळखला तर बरा होतो. अंगावर काढला तर मूत्रपिंडे जातात.

आमच्याकडे पूर येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी किल्लारी आठवावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने पायरी मोजायलाही वेळ दिला नाही. कृष्णा निदान एक-दोन दिवसांची सवड देते. पिशवी भरलेली असेल तर ती दोन्ही प्रसंगी उपयोगी पडेल.

आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे. दर जून महिन्यात ती स्वतः खुंटीवरची पिशवी उतरवून तपासते आणि मला विचारते, ‘तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठायत रे?’ मागच्या वर्षी त्या नव्हत्या. आपल्या घरची पिशवी या रविवारी भरा, आणि भरल्यावर ती घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाकडून एकदा तपासून घ्या.