मैदानावर ‘थांब’ कोणी म्हणावे?



काही वर्षांपूर्वी सिल्वासा येथे शाळांचे कबड्डीचे सामने होते. पावसाळा सरून मैदानाची माती दगडासारखी झाली होती. आमच्या संघाबरोबर शिक्षक म्हणून मी गेलो होतो. चढाईस गेलेल्या आमच्या एका मुलाची पकड झाली आणि त्याचे डोके जमिनीवर आपटले. क्षणभराने तो हसत उठला. लोकांनी टाळ्या वाजविल्या, आणि मीही त्याला पुन्हा चढाईस पाठविले. सामना संपल्यावर त्याने विचारले, “सर, आपण जिंकलो का?” मी उत्तर दिले. दोन मिनिटांनी त्याने तोच प्रश्न केला, आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच. तेव्हा कोठे मला भय वाटले. पुढे रुग्णालयात तो बरा झाला. परंतु त्याला वाचविले ते दैवाने, माझ्या ज्ञानाने नव्हे.

डॉक्टर ज्याला कन्कशन म्हणतात तो मेंदूला बसलेला हादरा होय. यात रक्त दिसत नाही आणि बहुधा शुद्धही हरपत नाही. डोके दुखते, गरगरते, मळमळते, आठवण चुकते. याच अवस्थेत दुसरा आघात झाल्यास क्वचित मेंदूला एकाएकी सूज येऊन प्राणावर बेतते. म्हणून नियम असा की, नुसती शंका आली तरी त्या दिवसापुरता त्या मुलाचा खेळ संपला.

पण हे ठरविणार कोण? मुलगा दुखणे लपवितो, प्रशिक्षकाचे लक्ष गुणांकडे असते, आणि शिक्षकाला बहुधा लक्षणेच ठाऊक नसतात. अमेरिकेत या कामासाठी ‘अ‍ॅथलेटिक ट्रेनर’ नावाचा व्यवसाय आहे. हा मनुष्य खेळ शिकवीत नाही. इजा टाळणे, प्रथमोपचार करणे आणि खेळाडूला पूर्ववत उभे करणे हे त्याचे काम. टेक्सास राज्याने १९७१ साली प्रथम त्याच्यासाठी परवान्याचा कायदा केला. वॉशिंग्टन राज्याच्या २००९ च्या कायद्याने, डोक्याला मार लागल्याची शंका असलेल्या विद्यार्थ्यास अधिकृत वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी संमतीवाचून मैदानात परतण्यास मनाई केली.

आपल्याकडे २०२१ साली संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्यात फिजिओथेरपिस्ट आहेत, आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञही आहेत. अ‍ॅथलेटिक ट्रेनरचा मात्र स्वतंत्र वर्ग नाही. अशा मान्यतेने केवळ पदाचा मान वाढतो असे नव्हे. हे काम कोणी करावे, त्याचे शिक्षण किती असावे, चूक झाल्यास त्याने कोणास जाब द्यावा, हे त्याने निश्चित होते. मग त्याच्या ‘थांब’ या शब्दालाही अधिकार येतो.

तो दिवस येईपर्यंत प्रत्येक शाळेने एवढे करावे: जयापजयाशी संबंध नसलेली, प्रथमोपचार शिकलेली एक व्यक्ती सामन्यापूर्वी नेमावी आणि तिचा शब्द अखेरचा मानावा. उन्हाने कोसळून बरळणाऱ्या मुलाला १०८ ची गाडी येईपर्यंत सावलीत घेऊन गार पाण्याने भिजवीत राहावे. डोके आपटलेल्या मुलाला समोरचा संघ कोणता, आताच कोण बाद झाले, असे साधे प्रश्न विचारावेत.

मी आता तेच विचारतो. उत्तर अडखळले, तर मुलाला बाहेर बसवितो आणि डॉक्टरांकडे नेतो. उत्तरे बरोबर आली, तरी शंका असेल तर त्याला पुन्हा चढाईस पाठवीत नाही, मग फलकावर गुण कितीही असोत.