आंब्यावरील केसाळ अळंबी

पावसाळा लागला म्हणजे आंब्याच्या वाळक्या फांद्यांवर, कुंपणाच्या खुंटांवर व जळाऊ लांकडांच्या ढिगावर राखी-पांढरीं, पंख्यासारखीं लहान छत्रें दाटीनें उगवलेलीं दिसतात. ही कोणती अळंबी, आणि ती झाड मारते काय, असे दोन प्रश्न बागाईतदार नेहमीं विचारतात. पहिल्याचें उत्तर छत्राच्या पाठीवर नसून पोटाखालीं आहे.

पाठीवर लव पुष्कळ जातींना असते. सबब केवळ केसांवरून निदान करूं नये. छत्र काढून उलटें करावें. चिकटलेल्या जागेपासून कडेपर्यंत पडदे पसरलेले असून प्रत्येक पडदा कडेशीं लांबीनें चिरलेला दिसल्यास ती स्किझोफायलम कम्यून ही जात समजावी. फ्रीस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १८१५ सालीं तिला हें नांव दिलें. छत्राची रुंदी बहुधा १ ते ४ सेंटिमीटर. देठ नसतोच म्हटलें तरी चालेल. हवा कोरडी झाली कीं पडद्याचे दोन्ही अर्धे भाग एकमेकांपासून दूर वळून बीजाणूंची जागा झांकून घेतात व पाणी मिळतांच पुन्हां उलगडतात. वाळलेलें छत्र ओल्या फडक्यांत कांहीं तास ठेवून हें कोणासही घरीं पाहतां येईल. याहून सोपी परीक्षा आम्हांस ठाऊक नाहीं. पडद्यांऐवजीं बारीक छिद्रें असल्यास ती जात निराळी. बहुधा ट्रॅमेटीस वर्गांतली.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. ही अळंबी मुख्यत्वें मेलेल्या लांकडावर जगते. जिवंत झाडांत ती शिरते ती उन्हानें भाजलेल्या सालींतून वा कुऱ्हाडीच्या घावांतून. छत्र दिसतें तेव्हां आंतील लांकूड आधींच कुजूं लागलेलें असतें. म्हणून नुसतीं छत्रें खरडून कांहीं साधत नाहीं. फांदी निरोगी लांकूड लागेपर्यंत कापून जाळावी व घावावर मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो आणि पाणी १० लिटर यांचें बोर्डो मलम लावावें. मोरचूद लोखंडी भांड्यांत मात्र विरघळवूं नये. खोड उन्हांत उघडें पडेल इतकी छाटणी एकदम करण्याची कित्येकांस संवय असते. तें या अळंबीस आमंत्रणच होय.

मणिपुरांत हिला कांगलायेन म्हणतात व आवडीनें खातात. तथापि छापील वर्णनावरून कोणीही अनोळखी अळंबी शिजवूं नये. केस असणें वा नसणें हा विषाचा पुरावा नव्हे. संशय असल्यास लांकडाच्या तुकड्यासह छत्र कागदी पिशवींत घालून जवळच्या कृषि महाविद्यालयाच्या वनस्पतिरोग विभागास दाखवावें. प्लास्टिकच्या पिशवींत तें वाटेंतच सडतें.