घारग्यांची अमेरिकन बहीण

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतील किराणा दुकानांच्या दारांत भोपळ्यांचे ढीग दिसू लागतात. मुले त्यांना डोळे-तोंड कोरून हॅलोविनच्या रात्री आत दिवा लावतात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण येतो, आणि तोवर भोपळा सूपात, ब्रेडमध्ये, इतकेच काय कॉफीतही जाऊन बसलेला असतो. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत स्थायिक झालेल्या मराठी जैन कुटुंबांपुढे याच दिवसांत एक नाजूक प्रश्न उभा राहतो. शेजाऱ्यांचे, कचेरीतील सहकाऱ्याचे, कधी नव्या व्याह्यांचेही जेवणाचे आमंत्रण येते. मेजाच्या मधोमध टर्की असणार हे ठाऊक असते. नकार द्यावा तर प्रेमाने बोलावणाऱ्याचे मन दुखावते; जावे तर ताटात काय वाढून घ्यावे?

पाहुण्याने एखादा पदार्थ घरून करून नेण्याची त्या देशातील रीत येथे उपयोगी पडते. आपण नेलेला पदार्थ निःशंकपणे खाता येतो आणि तो सर्वांच्या ताटात जातो. मात्र तो त्या सणाचा वाटला पाहिजे. ढोकळ्याचे कौतुक होईल, परंतु पाहुण्यांचे खास खाणे म्हणून तो मेजाच्या एका कडेला राहील. भोपळ्याचा गोड पदार्थ मात्र त्या मेजाचा घरचाच असतो.

या सणाचा परंपरागत गोड पदार्थ म्हणजे भोपळ्याचा पाय. त्याची परंपरा जुनी आहे. १७९६ साली हार्टफर्ड येथे प्रसिद्ध झालेल्या अमेलिया सिमन्स यांच्या ‘अमेरिकन कुकरी’ या पुस्तकात तो पुडिंग या नावाने आला आहे. शिजवून गाळलेला भोपळा, मलई, साखर, जायपत्री, जायफळ, सुंठ आणि त्यात नऊ अंडी! अडचण नेमकी हीच. पायमधील सारण घट्ट धरून ठेवण्याचे काम अंडीच करतात. ती काढली की उरते पातळ खीर. केकची गोष्ट निराळी. त्याचा सांगाडा मैद्याचा असतो, आणि भोपळ्याच्या गरातील पेक्टिन व तंतू पाणी धरून ठेवून मिश्रण बांधण्यास हातभार लावतात. म्हणून अंड्याविना पाय करणे हा खटाटोप ठरतो, तर अंड्याविना भोपळ्याचा केक ही मुळीच तडजोड वाटत नाही.

भोपळा मूळचा अमेरिका खंडाचाच. मेक्सिकोतील ओआहाका प्रांताच्या एका गुहेत त्याच्या लागवडीखालील जातीच्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. तेथील मूलनिवासी मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावत आणि त्यांना तीन बहिणी म्हणत: मक्याच्या ताटावर घेवडा चढे, भोपळ्याची पाने जमीन झाकून ओल राखत. आपल्याकडे ज्याच्यात बसून म्हातारी लेकीकडून परतली, तो भोपळा या मानाने अलीकडचा पाहुणा होय. मौज अशी की हॅलोविनसाठी कोरला जाणारा केशरी भोपळा स्वयंपाकाला फारसा कामाचा नाही. तो पाणचट आणि धाग्यांचा असतो. इलिनॉय राज्यातील मॉर्टन परिसरात डबाबंद करण्यासाठी जो भोपळा पिकवला जातो, तो फिकट तपकिरी सालीचा, लांबट आणि दाट गराचा असतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो आणि आपला लाल भोपळा एकाच जातीचे. ज्या भोपळ्याचा कीस गुळात शिजवून आपल्याकडे घारगे तळले जातात, त्याचाच भाऊबंद तेथे ४२५ ग्रॅमच्या डब्यात भरला जातो.

मसाल्यांची ओळख तर याहून जवळची. ‘पंपकिन स्पाइस’ नावाने जो मसाला तेथे विकला जातो, त्यात दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग आणि बहुधा ऑलस्पाइस असते. ऑलस्पाइस वगळले तर बाकीचे आपल्या डब्यात आहेतच. ओले आले न खाणाऱ्या घरांतही सुंठ सहसा चालते.

सावधगिरी हवी ती बाजारच्या वस्तूंबाबत. अमेरिकेत ‘व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट’ असे नाव लावायचे तर त्यात किमान ३५ टक्के मद्यार्क असावा लागतो, असा तेथील नियमच आहे. त्याऐवजी व्हॅनिलाची पूड किंवा सरळ वेलदोडा वापरावा. उसाची साखर शुभ्र करण्यासाठी तेथील काही कारखाने हाडांचा कोळसा वापरतात. बीटच्या साखरेत तो प्रश्न येत नाही आणि प्रमाणित सेंद्रिय साखरेतही नाही. क्रीम चीज मुख्यतः विरजणाच्या आम्लाने जमते, तरी काही उत्पादक रेनेटही घालतात आणि रेनेट वासराच्या जठरातून काढलेले असू शकते. वेष्टनावर नुसते ‘एन्झाइम्स’ लिहिलेले असेल तर उत्पादकाकडे चौकशी करावी किंवा दुसरे घ्यावे. एवढी चिकित्सा कोणाला अतिरेकी वाटेल. पण यजमानाच्या मेजावर बसून शंका काढण्यापेक्षा ती दुकानातच काढलेली बरी.

केकसाठी २०० ग्रॅम मैदा, चमचाभर बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ, दीड चमचा दालचिनीपूड, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा जायफळ आणि किंचित लवंगपूड एकत्र चाळून घ्यावी. दुसऱ्या भांड्यात २४० ग्रॅम भोपळ्याचा गर, १८० ग्रॅम तपकिरी साखर, १२० ग्रॅम ताजे दही, ११० मिलिलिटर बिनवासाचे तेल आणि पाव वाटी दूध घुसळावे. गर घरी करायचा असल्यास भोपळा पाणी न घालता वाफवावा, घोटावा आणि मलमलीच्या फडक्यात अर्धा तास टांगावा. ही पायरी टाळली तर केक मध्यभागी गिचगिचीत राहतो. कोरडे मिश्रण ओल्यात घालून हलक्या हाताने, जेमतेम एकजीव होईपर्यंतच कालवावे. दह्याचे आम्ल आणि सोडा भेटताच बुडबुडे सुटू लागतात, म्हणून भट्टी आधीच १७५ अंश सेल्सिअसला तापलेली हवी. वीस सेंटिमीटरच्या चौकोनी साच्यात पस्तीस ते चाळीस मिनिटे लागतात. लोण्याऐवजी तेल घेण्यात केवळ लोणी वर्ज्य असणाऱ्यांची सोय नाही. तेल गारठत नसल्याने थंड केकही मऊ राहतो.

खरी परीक्षा वरच्या थराची. क्रीम चीज हे अमेरिकेचेच अपत्य. न्यूयॉर्क राज्यातील चेस्टर येथे विल्यम लॉरेन्स या दुग्धव्यावसायिकाने १८७० च्या दशकात ते बाजारात आणले. तेथील नियमाप्रमाणे त्यात किमान ३३ टक्के स्निग्धांश असतो, म्हणून ते रेशमासारखे पसरते. डबीतले सैलसर न घेता विटेसारखे घट्ट घ्यावे. २२५ ग्रॅम क्रीम चीज मऊ होईतो घोटून त्यात १०० ग्रॅम पिठीसाखर थोडी थोडी मिसळावी आणि तेथेच थांबावे, कारण फार फेटले की ते पातळ होते. नेहमीच्या कृतीतील लोण्याची जागा चार चमचे घट्ट फेटलेली साय घेऊ शकते.

दह्याची मुदत पाळणाऱ्या घरांत आठवड्यांपूर्वीचे क्रीम चीज चालत नाही. त्यांच्यासाठी उत्तर घरातच आहे: आदल्या दिवशी लावलेल्या दह्याचा, रात्रभर टांगून केलेला चक्का. २५० ग्रॅम चक्क्याला ६० ग्रॅम पिठीसाखर पुरे. साखर वाढवली की चक्का पाणी सोडतो आणि थर केकवरून ओघळतो. हे श्रीखंडच झाले, असे कोणी म्हणेल. म्हणू द्यावे, जायफळ दोन्हीकडे आहेच. मात्र हा थर नेण्याच्या दिवशीच लावावा आणि केक पूर्ण निवल्यावरच.

एक गोष्ट यजमानांशी आधी बोलून ठेवावी लागते. नोव्हेंबरच्या अखेरीस न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. थँक्सगिव्हिंगचे जेवण पुष्कळ घरांत दुपारीच होते, ही सोयच. परंतु गोड पदार्थ गप्पांच्या ओघात अंधार पडल्यावर मेजावर येतो. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या आजी-आजोबांसाठी केक चारला कापता येईल का, एवढे आमंत्रण स्वीकारतानाच विचारावे. असे विचारल्याचा राग कोणी सहसा धरत नाही, आणि लहान मुले तर चारची वाट पाहत सुरी हातात घेऊन उभीच असतात.