लिनक्सवर संसार मांडताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीचे नियमित मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. आदल्या दिवशी नीट चालणारे लॅपटॉप दुसऱ्या दिवशीही तसेच चालत होते, पण विंडोज ११ त्यांच्यातल्या अनेकांवर चढत नाही. या आवृत्तीला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. ती पिढी बाजारात आली २०१७च्या उत्तरार्धात. म्हणजे त्याआधी घेतलेला, आठ जीबी रॅमचा धडधाकट लॅपटॉपही बाद! घरगुती वापरासाठी दिलेल्या वाढीव मुदतीची शेवटची तारीख १३ ऑक्टोबर २०२६ आहे.

ज्या यंत्रात काहीही बिघडलेले नाही ते केवळ तारीख उलटली म्हणून भंगारात घालणे मला मुळीच पटत नाही. त्यावर लिनक्स बसवले तर पत्र लिहिणे, वीजबिल भरणे, मुलांचा अभ्यास, परगावच्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल ही सगळी कामे आणखी कित्येक वर्षे निघतील. लिनक्स बसवण्याचे काम तसे तासाभराचे आहे. खरी तयारी लागते ती आपल्या फायलींची, आणि मराठीत लिहिणाऱ्याला ती जरा जास्तच करावी लागते.

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, १९९१मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. या गाभ्याभोवती खिडक्या, मेनू, ब्राउझर, ऑफिस असा सरंजाम रचून जी तयार प्रणाली मिळते तिला डिस्ट्रो म्हणतात. डिस्ट्रो शेकड्यांनी आहेत आणि नवखा माणूस निवडीतच अडकतो. विंडोजची सवय असलेल्याने सरळ लिनक्स मिंट घ्यावे. २०२४मध्ये आलेल्या मिंट २२ ला २०२९पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. रॅम चार जीबी असेल तर त्याची एक्सएफसीई आवृत्ती, जास्त असेल तर सिनॅमन. एवढ्यावर निवड संपवावी.

त्याआधी एक काम स्क्रू-ड्रायव्हरचे आहे. जुना लॅपटॉप रेंगाळतो तो बहुतेक वेळा प्रोसेसरमुळे नव्हे, तर आतल्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचायची तर आधी वाचक-टोक योग्य वर्तुळावर सरकायला हवे, मग तबकडीचा नेमका भाग त्याच्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायला हवे. विखुरलेल्या प्रत्येक तुकड्यामागे असे १५ मिलिसेकंदांच्या आसपास जातात, आणि संगणक सुरू होताना असे हजारो तुकडे वाचावे लागतात. एसएसडीमध्ये हलणारे काहीच नसते. तिथे हाच वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या घरात येतो. बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची एसएसडी त्याच खाचेत बसते. या बदलाचा आणखी एक फायदा मला वेगापेक्षाही मोलाचा वाटतो. विंडोजसकट सगळा जुना डेटा असलेली मूळ डिस्क तशीच बाहेर निघते. ती यूएसबी केसिंगमध्ये घालून ठेवली की नव्या एसएसडीवर काहीही चुकले तरी आपला एकही फोटो जात नाही. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की मात्र आधीच कागदावर उतरवून घ्यावी.

आता मिंटची इमेज उतरवायची. साधारण तीन जीबीची ही एकच फाइल असते आणि तिच्या शेजारी ६४ आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ दिलेली असते. ती त्या फाइलची एसएचए-२५६ बेरीज. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी या बेरजेतले साधारण निम्मे बिट बदलतात, त्यामुळे आपल्याकडे आलेल्या फाइलची बेरीज जुळली की फाइल वाटेत बिघडलेली नाही हे कळते. ही पायरी कंटाळवाणी म्हणून टाळू नये. फेब्रुवारी २०१६मध्ये घुसखोरांनी मिंटच्याच संकेतस्थळावरचा दुवा बदलून लोकांना चोरदरवाजा असलेली इमेज दिली होती. असा घुसखोर शेजारची बेरीजही बदलू शकतो, म्हणून बेरजेच्या फाइलवरची डिजिटल सहीसुद्धा तपासायची सोय दिलेली असते.

इमेज पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. रुफस किंवा बलेना एचरसारख्या साधनाने ती लिहावी लागते. मग लॅपटॉप सुरू करताना एफ१२, एफ२ किंवा कंपनीने ठरवलेली दुसरी कळ दाबून पेन ड्राइव्ह निवडला की डिस्कला हातही न लावता मिंट समोर उभे राहते. हे कसे होते? पेन ड्राइव्हवर सगळी प्रणाली दाबून लहान केलेल्या आणि फक्त वाचता येणाऱ्या स्वरूपात असते. संगणक त्यातले लागेल तेवढेच उलगडून घेतो. आपण काही बदलले, एखादा कार्यक्रम बसवला, तर ते रॅममधल्या एका वरच्या थरात लिहिले जाते आणि दोन्ही थर मिळून आपल्याला एकच डिस्क असल्यासारखे दिसतात. लॅपटॉप बंद केला की वरचा थर पुसला जातो.

या फिरत्या प्रयोगशाळेत एक अख्खी संध्याकाळ घालवावी. वायफाय, आवाज, कॅमेरा, पडद्याचा उजेड आणि झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर यंत्र जागे होते का, एवढे तपासावे. लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर कर्नेलबरोबरच येतात, त्यामुळे सीडी शोधायची वेळ सहसा येत नाही. काही वायफाय चिपांना मात्र वेगळे फर्मवेअर लागते. अशा वेळी मोबाइल यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट घ्यावे आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरला ते उतरवू द्यावे.

प्रिंटरची परीक्षा याच वेळी घ्यावी, कारण घोडे बहुधा इथेच अडते. एअरप्रिंट चालणारे प्रिंटर आयपीपी या खुल्या पद्धतीने बोलतात आणि त्यांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. स्वस्त लेझर प्रिंटरांपैकी काहींमध्ये पानाचे चित्र तयार करण्याची ताकदच नसते. ते काम संगणकाने करून कंपनीच्या खासगी स्वरूपात पाठवायचे असते, आणि कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला नसेल तर असा प्रिंटर गप्प बसतो. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनी किंवा ज्यांच्या डिजिटल सहीच्या टोकनला लिनक्सचा ड्रायव्हर नाही त्यांनी, त्या कामापुरता तरी विंडोजचा संगणक ठेवावा. हट्टाने लिनक्सच वापरून रोजचा धंदा अडवण्यात शहाणपण नाही. बाकी सामान्य वापराला हे झेपेल का, अशी शंका असेल तर केरळकडे पाहावे. तिथल्या सरकारी शाळांतली मुले वर्षानुवर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आहेत.

सगळे जुळले की डेस्कटॉपवरचे इन्स्टॉलचे चिन्ह दाबायचे, भाषा, वेळ, नाव आणि पासवर्ड भरायचे. नवी रिकामी एसएसडी असेल तर पूर्ण डिस्क वापरायला सांगायचे. सुरू झाल्यावर टाइमशिफ्ट लगेच चालू करावे. ते प्रणालीची ठरावीक वेळाने नोंद ठेवते आणि न बदललेल्या फायली पुन्हा साठवत नाही, त्यामुळे जागा कमी लागते. अपडेटने घोटाळा केला तर कालच्या स्थितीत परतता येते. आपली कागदपत्रे आणि फोटो त्यात आपोआप येत नाहीत, त्यांची प्रत वेगळीच ठेवावी लागते.

आता मराठी. टायपिंगसाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या यादीतून मराठी जोडले की झाले. उच्चारानुसार टाइप करायची सोयही आहे, पण मी इनस्क्रिप्टचाच आग्रह धरीन. १९९१च्या भारतीय मानकात आलेली ही मांडणी कुठल्याही संगणकावर सारखीच असते, आणि तिची रचना आपल्या वर्णमालेला धरून आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला मुख्यतः व्यंजने. के वर क, शिफ्ट धरून ख. एल वर त, शिफ्ट धरून थ.

हिची खरी कसोटी लागते ती ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ यांत. पहिल्यात जे दाबून र, डी दाबून हलन्त, मग य. पडद्यावर रफार उमटतो. दुसऱ्यात शिफ्टसह जे दाबून ऱ घ्यायचा, पुढे तोच हलन्त आणि तोच य. फाइलमध्ये दोन्हीकडे तीन-तीन सुटे क्रमांकच साठतात. त्यांतून योग्य आकार जुळवण्याचे काम हार्फबझ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर फाँटमधले नियम वाचून करते. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि अँड्रॉइड फोन या सगळ्यांत तेच आहे. ‘आचाऱ्याला’मधला अर्धा र साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकूनही काढता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शोधताना संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. घरात एकच पद्धत ठेवलेली बरी. लिब्रेऑफिसच्या भाषेच्या सेटिंगमध्ये जटिल लिपीसाठी मराठी निवडायला विसरू नये. फाँटमध्ये सोय असेल तर त्यानंतर ल आणि श मराठी वळणाचे उमटतात, एरवी ते हिंदी वळणाचे दिसतात.

जुन्या फायलींचा गुंता याहून मोठा आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फाँटांत लिहिलेल्या फाइलमध्ये देवनागरी नसतेच. आत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक असतात, फाँट त्यांच्या जागी क, ख, मात्रा, वेलांटी यांचे आकार काढतो. नव्या लिनक्सवर तो फाँट नसला की आजोबांच्या आठवणींची टंकलिखित वही निरर्थक चिन्हांची रांग होऊन समोर येते. दोष लिनक्सचा नाही, तीच फाइल फोनवर उघडली तरी हेच होते. म्हणून जुने विंडोज हाताशी आहे तोवर अशा सगळ्या फायली शोधून युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. त्यासाठी मोफत रूपांतरके मिळतात, मात्र प्रत्येक फाँटचे कोष्टक वेगळे असल्याने त्या-त्या फाँटचेच निवडावे लागते. बदलण्यापूर्वी मूळ फाइलची पीडीएफ करून ठेवावी. रूपांतरात सर्वाधिक चुका रफार, अर्धा ऱ, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे यांत होतात, तेव्हा बदललेला मजकूर त्या पीडीएफशी ताडून पाहावा. माणसांची आणि गावांची नावे तर एकेक करून तपासावीत, कारण त्यांतली चूक शुद्धलेखन-तपासनीसाला पकडता येत नाही.