भाताच्या तुसाचे नवे मोल

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुका हा भाताचा मुलूख होय. दिघाशीसारख्या गावी 100 किलो भात भरडले असता सुमारे 20 किलो तूस निघते. ते गुरांच्या पोषणास उपयोगी पडत नाही व लवकर कुजतही नाही. म्हणून पुष्कळदा जाळून टाकले जाते. ह्याच तुसाचा बांधकामात नव्या रीतीने उपयोग होऊ लागला आहे.

मातीत पेंढा कालवून, एकेक थर सुकवीत भिंत चढविणे आपल्या खेड्यांस परिचित आहे. त्रिमिती छपाईचे यंत्र हेच काम करते. त्याच्या नळीतून गारा पडतो आणि आखलेल्या रेषेवर नळी फिरून थरावर थर रचला जातो. इटलीतील मासा लोम्बार्दा येथे 2018 साली वास्प ह्या संस्थेने असे 30 चौरस मीटरचे घर बांधले. गाऱ्यात तेथीलच माती 25 टक्के, चिरलेला पेंढा 40 टक्के, तूस 25 टक्के व चुना 10 टक्के होता. भिंती छापण्यास 10 दिवस लागले. भिंतींच्या पोकळीतही तूसच भरले, त्यामुळे घरात उष्णता व थंडी कमी शिरते.

लहान वस्तू छापण्यासाठी प्लास्टिक वितळवितात. खनिज तेलापासून होणाऱ्या एबीएस प्लास्टिकमधून स्टायरीनची अपायकारक वाफ निघते. मका किंवा ऊस ह्यांपासून होणारे पीएलए त्या मानाने सौम्य आहे. तथापि त्याचेही सूक्ष्म कण हवेत मिसळतात, म्हणून खोली हवेशीर असावी. पिकापासून झाले तरी पीएलए उकिरड्यात सहजी कुजत नाही. त्यास सुमारे 60 अंश सेल्सिअस उष्णता दीर्घकाळ लागते.

तुसाचेही तसेच आहे. तूस हाताळताना नाकातोंडास फडके बांधावे. फार कडक आचेत जळलेल्या राखेतील सिलिका स्फटिकरूप होते आणि तिची धूळ फुप्फुसांस अपाय करते.

शेतकरी बंधूंनी सर्व तूस विकून टाकू नये. चारसूत्री भात लागवडीत रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मिसळतात; तीतील सिलिकामुळे रोपे कणखर होतात. हा वाटा प्रथम राखून ठेवावा. उरलेले तूस कोरड्या जागी साठवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी माती, पेंढा, तूस व चुना ह्यांच्या नमुन्याच्या विटा करवून त्या एक पावसाळा उघड्यावर ठेवाव्यात. कोकणच्या पावसात टिकेल तेच मिश्रण आपल्या उपयोगाचे. आणि अशा भिंतीस उंच जोते व रुंद वळचण हवीच.