गब्बरच्या जागी अमोल पालेकर!

नांदेडहून देगलूरकडे जाताना नायगाव लागते. तिथल्या चहाच्या टपरीवर काय, किंवा पुण्या-मुंबईच्या कॉलेज कट्ट्यावर काय, एसटी किंवा लोकल येईपर्यंत वेळ घालवण्याचा एक बिनखर्चाचा खेळ आहे. गाजलेला चित्रपट घ्यायचा, त्यातला नट काढायचा आणि त्या जागी अगदी न शोभणारा दुसरा बसवायचा. मग जे काही घडते, त्यावर चहाचा दुसरा कप सहज होतो.

‘शोले’त गब्बरसिंग म्हणून अमोल पालेकर असते तर? डाकू हात हलवत परतल्यावर या गब्बरने आधी चष्मा पुसला असता, समोर नेमकी किती माणसे होती हे अदबीने विचारले असते आणि साथीदारांकडून उद्या दुपारपर्यंत लेखी खुलासा मागवला असता. ‘पिंजरा’तले आदर्श गुरुजी दादा कोंडके झाले असते, तर तमाशाचा फड गावाबाहेर काढायला निघालेले गुरुजी ढोलकीच्या पहिल्याच थापेला फडात शिरले असते आणि चित्रपट पंधरा मिनिटांत संपला असता. ‘सिंहासन’मधले मुख्यमंत्री लक्ष्मीकांत बेर्डे असते, तर सरकार पाडण्यासाठी विरोधकांची गरजच उरली नसती.

या खेळात हसू येते ते नटाच्या उणिवेमुळे नव्हे. पालेकर, कोंडके, बेर्डे हे तिघेही आपापल्या जागी खणखणीत नाणी. हसू येते ते प्रेक्षकाच्या स्मरणशक्तीमुळे. एखादा आवाज, एखादी चाल, डोळ्यांची एखादी लकब वर्षानुवर्षे एकाच प्रकारच्या भूमिकेत पाहिली की, ती मनात कायमची चिकटते. नवी भूमिका आली तरी जुनी मागून डोकावत राहते. ‘चुकीची निवड’ म्हणतात ती बहुतेक वेळा अशी प्रेक्षकाच्या डोक्यात घडते.

याचा पुरावा कल्पनेत शोधण्याची गरज नाही. मराठी चित्रसृष्टीनेच तो 1935 आणि 1936 अशा लागोपाठच्या दोन वर्षांत देऊन ठेवला आहे. प्रभात कंपनीने 1935 साली ‘धर्मात्मा’ काढला. चित्रपट पैठणच्या संत एकनाथांवरचा, म्हणजे थेट मराठवाड्याच्या मातीतला. दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि नाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व! भामिनी, रुक्मिणी, सिंधू अशा नायिका रंगवून ज्यांनी तीन दशके रंगभूमी गाजवली, ज्यांच्या शालू नेसण्याची घरंदाज स्त्रियांनी नक्कल केली, ते नारायणराव आता पुरुषवेषात संत म्हणून समोर आले. गळा तोच होता, पण प्रेक्षकाला हवा असलेला नखरा नव्हता. चित्रपटाला अपेक्षित यश लाभले नाही आणि प्रभातशी त्यांचा संसार तिथेच आटोपला. पुढे 1937 मध्ये ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीवेषात उभे राहिले, पण रंगमंचावर दूरून खपणारा वेष कॅमेऱ्याने जवळून पाहिला आणि तोही डाव साधला नाही.

आता दुसरी बाजू. 1936 साली त्याच प्रभातने ‘संत तुकाराम’ काढला. दामले-फत्तेलाल यांनी तुकोबांसाठी निवडलेले विष्णुपंत पागनीस हेही रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारेच नट. कागदावर पाहिले तर बालगंधर्वांइतकीच वेडी निवड. प्रत्यक्षात हा चित्रपट मुंबईत वर्षभराहून अधिक चालला, 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला आणि पागनीस म्हणजेच तुकोबा असे समीकरण घरोघरी रुजले. दोघांची पार्श्वभूमी सारखी, चित्रसंस्था एक, विषयही संतचरित्राचा. फरक पडला तो कीर्तीच्या ओझ्याचा. पागनिसांच्या मागे डोकावणारी सिंधू प्रेक्षकांच्या लेखी फारशी ठळक नव्हती. बालगंधर्वांच्या मागे ती हटायला तयार नव्हती.

(त्याही आधी हा प्रश्न कुणाला पडतच नव्हता. दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये, 1917 साली, अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोघेही साकारले. जोडी शोभते की नाही, ही चर्चाच मिटली!)

‘शोले’चेही तसेच. गब्बरसाठी आधी डॅनी डेन्झोंगपा ठरले होते. फिरोज खान यांच्या चित्रपटासाठी ते अफगाणिस्तानात अडकले आणि भूमिका नवख्या अमजद खान यांच्याकडे गेली. त्या दुसऱ्या चित्रपटाचे नाव, योगायोग पाहा, ‘धर्मात्मा’! अमजद यांचा आवाज डाकूला शोभणारा नाही, अशी शंका तेव्हा घेतली गेली होती. 15 ऑगस्ट 1975 नंतर त्या आवाजाचे काय झाले, हे सांगायला नको.

प्रतिमेची किंमत नटाला मात्र रोख मोजावी लागते. 1992 साली जब्बार पटेलांनी पु. ल. देशपांडे यांच्या पटकथेवर ‘एक होता विदूषक’ काढला. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी त्यात जीव ओतला. पण ‘लक्ष्या’ म्हटल्यावर पोट धरून हसायला आलेल्या प्रेक्षकाला त्याचे रडणे पचले नाही आणि तिकीटबारी थंडच राहिली. निळू फुले यांचे दुखणे उलटे. सेवादलात वाढलेला, अंधश्रद्धेविरुद्ध उभा राहणारा हा सज्जन माणूस पडद्यावरच्या पाटील-सरपंचांमुळे बायाबापड्यांच्या शिव्या खात राहिला. ‘सिंहासन’मध्ये त्यांना पत्रकार दिगू टिपणीस करणाऱ्यांची नजर म्हणूनच दाद देण्याजोगी. लातूरच्या रितेश देशमुखला ‘मस्ती’च्या दशकभरानंतर, 2014 मध्ये, ‘एक व्हिलन’ने थंड डोक्याचा खुनी केले, तेव्हा हसऱ्या चेहऱ्यामुळेच भीती वाढली.

चेहऱ्याइतकीच भाषाही चिकटते आणि इथे नायगावकरांचे हसू थोडे कडवट होते. ‘काय करायलास’ हे या भागात रोजचे बोलणे. पडद्यावर मात्र ते ऐकू आले की प्रेक्षागृह हसायच्या तयारीत बसते. बिडकीनचे मकरंद अनासपुरे यांनी 2005 च्या ‘कायद्याचं बोला’त मराठवाडी वकील उभा केला आणि बोलीच्या जोरावर जिंकला, पण तो जिंकला तेही विनोदी चित्रपटात. नांदेडच्या बोलीत निकाल वाचणारा न्यायाधीश किंवा त्याच बोलीत प्रेम व्यक्त करणारा नायक म्हटले की, टपरीवरसुद्धा ती ‘चुकीची निवड’ ठरते. बोलणाऱ्यांनाच आपली बोली गंभीर वाटू नये, इतका हा शिक्का खोल बसला आहे.

तो पुसता येत नाही असे नाही. 2016 च्या ‘सैराट’मध्ये अकलूजच्या रिंकू राजगुरूने आर्ची केली, ती आपल्या गावच्या बोलीतच. बुलेटवर बसून दरडावणाऱ्या त्या मुलीला कुणी विनोदी पात्र म्हटले नाही. आता खेळ उलटा करून पाहावा. तीच आर्ची, तीच बुलेट, समोर तोच गोंधळलेला परश्या आणि आर्ची शुद्ध सदाशिव पेठी मराठीत विचारते आहे, ‘‘आपल्याला माझे म्हणणे आकलन झाले नाही का? मग मी ते आंग्ल भाषेत निवेदन करू का?’’

टपरीवर या वाक्याला सगळ्यात मोठा हशा पडतो. तेवढ्यात देगलूरची गाडी लागते.