गरिबाचा वकील

(द्वितीय वर्ष, कला)

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्याकडे सर्वांच्या तोंडी आहे. परंतु पायरी चढावी की न चढावी, हे ठरविण्याची मुभा असते ती फिर्याद करणाराला. ज्याच्यावर आरोप येतो त्याला पोलीसच त्या पायरीवर नेऊन उभे करतात, मग तो शहाणा असो वा अडाणी. तेथे बोलली जाणारी भाषा त्याच्या घरची नसते. कोणता प्रश्न कधी विचारावा, कोणत्या पुराव्यास हरकत घ्यावी, हे त्याला ठाऊक नसते. वकील देण्याची ऐपत नसेल, तर अशा माणसाने काय करावे ?

हा प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दीर्घकाळ गाजला व आजही गाजतो आहे. तेथील राजकारणाच्या आणि कोर्टकचेऱ्यांच्या बातम्या आपण वृत्तपत्रांत नेहमी वाचतो. २०२४ साली न्यूयॉर्क येथील खटल्यात डोनाल्ड ट्रम्प यांना बारा ज्यूरींनी ३४ आरोपांवर दोषी ठरविले आणि त्याच वर्षी ते पुन्हा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. ही बातमी जगभर पोहोचली. त्या खटल्यात आरोपीच्या बाजूने नामवंत वकील उभे होते. पण त्याच देशातील न्यायालयांत रोज जे हजारो गरीब आरोपी उभे राहतात, त्यांची बातमी क्वचितच होते. कायद्याचा कस लागतो तो या दुसऱ्या प्रकारच्या आरोपीपाशी, असे मला वाटते. म्हणून त्यांच्याविषयी लिहिण्याचे योजिले आहे.

कागदावरचा हक्क

अमेरिकेच्या राज्यघटनेला १७९१ साली ज्या पहिल्या दहा दुरुस्त्या जोडण्यात आल्या, त्यांतील सहावी दुरुस्ती आरोपीला बचावासाठी वकिलाची मदत घेण्याचा हक्क देते. शब्द स्पष्ट आहेत. परंतु सुमारे दीडशे वर्षे त्यांचा अर्थ एवढाच घेतला गेला की, ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने वकील आणल्यास सरकारने त्याला अडवू नये. ज्याच्यापाशी पैसा नाही त्याचे काय, याबद्दल दुरुस्तीत चकार शब्द नव्हता. शिवाय ही दुरुस्ती केंद्र सरकारच्या न्यायालयांपुरती मानली जाई. चोरी, मारामारी, खून यांचे बहुतेक खटले तर राज्यांच्या न्यायालयांत चालत.

१९३१ साली अलाबामा राज्यात नऊ निग्रो तरुणांवर, त्यांतील काही तर केवळ पोरेच होती, आगगाडीत दोन गोऱ्या स्त्रियांवर बलात्कार केल्याचा आरोप ठेवण्यात आला. स्कॉट्सबरो या गावी काही दिवसांतच खटले उरकून आठ जणांना मृत्युदंड सुनावण्यात आला. त्यांना वकील होता, पण नावापुरता. तयारीला वेळच मिळाला नव्हता. १९३२ साली सर्वोच्च न्यायालयाने या शिक्षा रद्द केल्या. जेथे जिवाचा प्रश्न आहे आणि आरोपी गरीब, अशिक्षित आहे, तेथे न्यायालयाने त्याला खराखुरा वकील दिलाच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले.

पण फाशीखालच्या गुन्ह्यांचे काय ? १९४२ साली मेरीलँड राज्यातील एका बेकार शेतमजुराचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. बहुमताने निकाल असा लागला की, प्रत्येक गरिबाला वकील देण्याचे बंधन राज्यांवर नाही. काही 'विशेष परिस्थिती' असेल तरच द्यावा. या निर्णयातील मौज पाहा. आपल्या खटल्यात विशेष परिस्थिती आहे, हे न्यायालयाला पटवून देण्यासाठीच मुळात वकील लागतो ! या निकालाशी असहमत असलेल्या तीन न्यायमूर्तींत ह्यूगो ब्लॅक हे एक होते. त्यांचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

पेन्सिलीने लिहिलेला अर्ज

१९६१ च्या जून महिन्यात फ्लॉरिडा राज्यातील पनामा सिटी येथे बिलियर्ड खेळण्याचा एक अड्डा रात्री कोणीतरी फोडला. सिगारेटच्या यंत्रातील व गाणी वाजविणाऱ्या यंत्रातील चिल्लर आणि काही बाटल्या गेल्या. एका साक्षीदाराच्या सांगण्यावरून पोलिसांनी क्लॅरेन्स अर्ल गिडियन या पन्नाशीच्या माणसाला पकडले. गिडियन काही साधुसंत नव्हता. आठवीपर्यंत शिकलेला, घर सोडून भटकलेला, पूर्वी तुरुंगवास भोगलेला असा तो इसम होता.

ऑगस्टमध्ये खटला उभा राहिला तेव्हा आपल्याला वकील द्यावा, अशी मागणी त्याने केली. न्यायाधीशांनी नाइलाज दर्शविला. राज्याचा कायदा केवळ मृत्युदंडाच्या खटल्यातच सरकारी खर्चाने वकील देण्याची परवानगी देत होता. मग गिडियनने स्वतःच बचाव केला. त्याने साक्षीदारांना प्रश्न विचारले, ज्यूरींपुढे भाषणही केले. ज्यूरींनी त्याला दोषी ठरविले आणि त्याला पाच वर्षांची, म्हणजे त्या गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त, शिक्षा झाली.

तुरुंगात बसून त्याने तेथील रेघी कागदावर पेन्सिलीने सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण मुद्दा एकच व सरळ होता : मी वकील मागितला होता आणि तो मला नाकारण्यात आला. १९६२ च्या जानेवारीत हा अर्ज वॉशिंग्टनला पोहोचला. कैद्यांचे असे अर्ज तेथे ढिगाने येतात व त्यांतील फारच थोडे सुनावणीला घेतले जातात. गिडियनचा अर्ज घेतला गेला. एवढेच नव्हे, तर त्याची बाजू मांडण्यासाठी न्यायालयाने एब फोर्टस या देशातील अव्वल वकिलाची नेमणूक केली. हेच फोर्टस पुढे १९६५ साली त्या न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

फ्लॉरिडा सरकारने इतर राज्यांना पत्रे धाडून पाठिंबा मागितला. पण घडले उलटेच. वीसहून अधिक राज्यांनी गिडियनच्या बाजूने निवेदन दिले. फ्लॉरिडाच्या मदतीला आली केवळ दोन राज्ये. गिडियनच्या बाजूने पुढाकार घेणाऱ्यांत मिनेसोटाचे वॉल्टर माँडेल होते, जे पुढे देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. युक्तिवादात फोर्टस यांनी एक मार्मिक दाखला दिला. क्लॅरेन्स डॅरो हे अमेरिकेतील फौजदारी वकिलांचे मेरुमणी. पण त्यांच्या स्वतःवर खटला झाला तेव्हा त्यांनीही दुसरा वकील केला. मग आठवी शिकलेल्या माणसाने आपला बचाव आपणच करावा, ही अपेक्षा कितपत रास्त आहे ?

१८ मार्च १९६३ रोजी नऊही न्यायमूर्तींनी एकमताने गिडियनच्या बाजूने निर्णय दिला. निकालपत्र लिहिले ते ह्यूगो ब्लॅक यांनी. एकवीस वर्षांपूर्वीचे अल्पमत आता न्यायालयाचे एकमुखी मत झाले होते. त्यांच्या विवेचनाचा आशय असा : खटला चालविण्यासाठी सरकार वकील नेमून भरपूर पैसा खर्च करते आणि ज्याच्यापाशी पैसा आहे तो आरोपीही उत्तम वकील करतो, यावरूनच सिद्ध होते की फौजदारी न्यायालयात वकील ही चैन नसून गरज आहे.

या निकालाने गिडियन सुटला नाही; त्याला फक्त नवा खटला मिळाला. ऑगस्ट १९६३ मध्ये तो सुरू झाला. तेच न्यायालय, तेच न्यायाधीश, तोच मुख्य साक्षीदार. बदल एकच होता : या वेळी गिडियनच्या शेजारी फ्रेड टर्नर नावाचे स्थानिक वकील बसले होते. त्यांनी खटल्यापूर्वी स्वतः फिरून चौकशी केली होती. पहाटे साडेपाचच्या सुमारास तो साक्षीदार स्वतः तेथे काय करीत होता, हा प्रश्न उलटतपासणीत त्यांनी धसास लावला. चोरीत त्याचाच हात नसेल कशावरून, अशी शंका त्यांनी ज्यूरींच्या मनात उभी केली. सुमारे तासाभरात ज्यूरींनी गिडियनला निर्दोष ठरविले. तोवर तो दोन वर्षे तुरुंगात राहिला होता.

सत्य काही दोन वर्षांत बदलले नव्हते. ते बाहेर काढणारा माणूस तेवढा नव्याने आला होता.

निकालानंतर

या निकालाने मोठे परिवर्तन झाले. फ्लॉरिडाने त्याच वर्षी गरिबांच्या बचावासाठी पगारी वकिलांची योजना केली. ज्यांना वकील मिळाला नव्हता असे सुमारे दोन हजार कैदी त्या एका राज्यात सुटले. १९६६ मध्ये पोलिसांनी चौकशीपूर्वी आरोपीला त्याचा वकिलाचा हक्क सांगितलाच पाहिजे, असे ठरले. इंग्रजी चित्रपट पाहणाऱ्यांना ते वाक्य परिचित असेल. पुढे हा हक्क अल्पवयीन आरोपींना व ज्यांत प्रत्यक्ष तुरुंगवासाची शिक्षा दिली जाते अशा किरकोळ गुन्ह्यांतही लागू झाला.

परंतु न्यायालय हक्क देऊ शकते, पैसा देऊ शकत नाही. पैसा मंजूर करतात ते लोकप्रतिनिधी, आणि येथे राजकारण आडवे येते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत जिल्ह्याचा सरकारी वकील स्वतःच निवडणुकीने येतो. 'मी गुन्हेगारांना सोडणार नाही' असे म्हणणाऱ्यास मते मिळतात. 'मी आरोपींच्या वकिलांना अधिक पैसे देईन' असे म्हणणाऱ्यास कोण मत देणार? १९७० नंतर शिक्षा कडक होत गेल्या, तुरुंग भरत गेले. २०२२ च्या अखेरीस त्या देशात अठरा लाखांहून अधिक माणसे तुरुंगांत होती. गरिबांच्या वकिलांची संख्या मात्र त्या प्रमाणात वाढली नाही.

याचा परिणाम 'कबुलीच्या सौद्या'त दिसतो. सरकारी वकील आरोपीला सांगतो, गुन्हा कबूल केलास तर कमी शिक्षा मागतो; खटला लढवलास तर जास्त होईल. जामिनाला पैसे नाहीत, नोकरी जाण्याची वेळ आलेली, आणि सरकारने दिलेल्या वकिलाच्या टेबलावर शेकडो फायली. असा आरोपी बहुधा कबुली देतो. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने आपल्या एका निकालातच नमूद केले की, केंद्रीय न्यायालयांतील ९७ टक्के व राज्यांतील ९४ टक्के शिक्षा अशा कबुलीतून होतात. म्हणजे टर्नर यांनी जी उलटतपासणी केली, ती करण्याची वेळच बहुतेक खटल्यांत येत नाही.

वकील मिळाला तरी तो कसा मिळाला, हाही प्रश्न आहे. टेक्सासमध्ये एका आरोपीला मृत्युदंड झाला. त्याचा वकील खटला चालू असता वारंवार झोपी जात होता. ही बाब आरोपीच्या बचावास मारक होती, हे अपील न्यायालयाने मान्य करीपर्यंत २००१ साल उजाडले. ऑरेगॉन राज्यात गरजेच्या सुमारे ३१ टक्केच वकील उपलब्ध असल्याचे अमेरिकन बार असोसिएशनच्या २०२२ च्या अहवालात दिसून आले. वकिलाविना कोठडीत पडलेल्यांना सात दिवसांत वकील द्या, नाहीतर सोडा, असा हुकूम तेथे निघाला आणि २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो उचलून धरला. यात आरोपीचे नुकसान आहेच. पण ज्याच्यावर अन्याय झाला त्या फिर्यादीलाही न्याय मिळत नाही, हे विसरता कामा नये.

आणखी एक वर्ग या हक्काबाहेरच राहिला आहे. देशाबाहेर घालविण्याची कारवाई तेथील कायद्याने फौजदारी मानली जात नाही, म्हणून त्यात सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही, मुलांनाही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसर येथे आणून सोडले, त्यांत आपल्या महाराष्ट्रातीलही तिघे होते. माणूस साखळदंडात असला, तरी कायद्याच्या लेखी तो 'आरोपी' नसेल तर गिडियनचा निकाल त्याच्या उपयोगी पडत नाही.

आपल्या देशात

गिडियनच्या खटल्याचा प्रतिध्वनी आपल्याकडेही उमटला, आणि तोही महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात कैद्याने सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज करीपर्यंत चार वर्षांवर काळ लोटला होता. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत वेळेवर हाती आली नाही, अशी त्याची तक्रार होती. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याचा अर्ज फेटाळला खरा. पण कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य व तत्परतेने मिळालीच पाहिजे आणि गरीब असल्यास सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे, असे बजावले. त्या निकालपत्रात गिडियनचा आदराने उल्लेख आहे. घटनेत १९७६ साली घातलेले ३९-अ हे कलम, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, आणि त्यातून तालुक्यापर्यंत आलेल्या विधी सेवा समित्या हा पुढचा प्रवास होय. कोठडीतील कोणाही व्यक्तीला या कायद्याने मोफत वकील मागता येतो.

'गुन्हेगाराला सरकारच्या पैशाने वकील कशाला ?' असा प्रश्न पुष्कळदा ऐकू येतो. याला मुंबईवरील हल्ल्याच्या खटल्याने उत्तर दिले आहे. अजमल कसाबलाही न्यायालयाने वकील दिला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी कायम केली, तेव्हा हा एकतर्फी निकाल आहे, असे कोणाला म्हणता आले नाही. वकील दिल्याने गुन्हा लपत नाही. शिक्षेला मात्र बळ येते.

तरीही आपली स्थिती समाधानाची नाही. २०२२ च्या अखेरीस आपल्या तुरुंगांतील दर चार माणसांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा होता. आमच्या घरी कचेरीचा कागद आला की तो वाचून घेण्यासाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागे. त्यामुळे न समजणाऱ्या कागदाचे भय काय असते, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. समन्स आणि वॉरंट यांतील भेद ठाऊक नसलेली माणसे आपल्या प्रत्येक गावात आहेत.

अमेरिकेच्या अनुभवाचा धडा माझ्या मते असा आहे. गिडियनला न्याय मिळाला तो नुसत्या निकालाने नव्हे. टर्नर यांच्यापाशी चौकशीला वेळ होता, म्हणून मिळाला. हक्क मान्य करणे हे अर्धे काम. तो हक्क बजावून देणारी पुरेशी माणसे उभी करणे हे उरलेले अर्धे. पहिले काम न्यायमूर्ती करू शकतात. दुसरे कर भरणाऱ्या आणि मत देणाऱ्या नागरिकांवाचून होत नाही. आपणांपैकी काही जण उद्या कायद्याच्या अभ्यासाकडे वळतील. जे वळणार नाहीत, त्यांनी निदान आपल्या तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीची कचेरी कोठे आहे, एवढे पाहून ठेवावे. शेजारच्या कोणावर प्रसंग गुदरला, तर त्याला तेथवर घेऊन जाणारा माणूसच त्याचा पहिला वकील ठरेल.